कूलरसमोरच्या कोऱ्या प्लेटा

प्लेटवर एकशे चाळीस भोकं होती. मी दोनदा मोजली. मग कोणाला तरी सांगावं म्हणून दार उघडलं, तर अख्खा मजला रिकामा. मे महिना, कॉलेजला सुट्टी आणि नागपूरचं ऊन. शहाणा माणूस दुपारी बाहेर पडत नाही.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाची. मी सांगलीची, फेलोशिपवर नागपूरला आलेली. ज्या सरांच्या हाताखाली आले ते वर्षभरात परदेशी गेले आणि मी त्यांच्या विषाणूंसकट मागे राहिले. हे विषाणू माणसाला काही करत नाहीत, जंतूंना मारतात. प्लेटवर जंतूंचा पातळ थर वाढवायचा. त्यावर एक धडधाकट विषाणू पडला की तिथला थर विरतो आणि टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसतं. भोकं मोजली की विषाणू मोजले. कॉलेजात माझ्यामागे मला ‘भोकंवाली मॅडम’ म्हणत. समोर कोणी फारसं काही म्हणतच नसे.

विषाणू तयार होताना आधी प्रोटीनची रिकामी डबी बनते. मग दुसरंच एक प्रोटीन डीएनएचा लांबलचक धागा टोकाला धरून डबीच्या तोंडातून आत कोंबतं. उशीच्या खोळीत रजई कोंबावी तसं. या कोंबण्याला इंधन लागतं, त्याचं नाव एटीपी. माझ्याकडे दोन बिघडलेले विषाणू होते. एकाला डबी जमायची, पण कोंबणारं प्रोटीन नाही. दुसऱ्याचं नेमकं उलटं. ते ज्यात शिरले ते जंतू फोडून काढलेले दोघांचे रस वेगवेगळे ठेवले तर प्लेट कोरी राहायला हवी. एटीपी घालून एकत्र केले तर काचेच्या नळीतच धड विषाणू तयार व्हायला हवेत.

तीन महिने एकत्र रसांच्या प्लेटाही कोऱ्याच येत होत्या, आणि त्या दिवशी एकदम एकशे चाळीस भोकं. महिनाअखेर रिपोर्ट गेला नाही तर फेलोशिप बंद आणि मी सांगलीला परत.

नवे गाइड म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांचा विषय शेवाळ. पण मनाने मोठे, एप्रिलात त्यांनीच माझ्या खोलीत खसच्या ताट्यांचा कूलर बसवून दिला होता. भर दुपारी सायकल मारत मी त्यांच्या घरी गेले.

“शाबास!” सर म्हणाले. “आजच टायपिंगला देतो.”

दुसऱ्या दिवशी काचसामान धुणाऱ्या येणूबाईंनी हाक मारली. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, शहराबाहेरच्या वाडीहून रोज यायच्या.

“मॅडम, ह्या दोन प्लेटा काहून नाही पाहिल्या जी? यातही भोकं आहेत न.”

त्या एकेकट्या रसाच्या प्लेटा होत्या. कोऱ्याच असणार, म्हणून आनंदाच्या भरात मी त्या उजेडात धरल्याच नव्हत्या. आता धरल्या. दोन्हींवर शंभराच्या वर भोकं.

खोलीत नजर फिरवली. खिडकीत कूलर. त्याच्यासमोर पाण्याचा टब, त्यात तुलनेसाठी वाढवलेल्या धड विषाणूंच्या जुन्या प्लेटा धुवायला भिजत घातलेल्या. त्या प्लेटांवर धडधाकट विषाणू लाखांनी. कूलरचा वारा त्या पाण्याचे तुषार थेट माझ्या टेबलावर आणत होता. खात्रीसाठी नुसत्या जंतूंची एक प्लेट कूलरसमोर उघडी ठेवली, एक कपाटात. दुसऱ्या दिवशी कूलरसमोरच्या प्लेटची चाळण झाली होती, कपाटातली कोरी.

“टब इथे कोणी ठेवला?” मी खेकसले.

“तुमीच त मागच्या हप्त्यात म्हनलं होतं न, वास येते म्हणून हवेत ठेव.”

म्हटलं होतं खरं.

सगळं सांगितल्यावर सर वैतागले. “रिपोर्ट टाइप होऊन आला, आता काहून मोडता घालून राहिल्या? नागपुरात हे समजणारं तुमच्याशिवाय आहे कोण?”

तेच तर माझं दुखणं होतं. खोटं पकडणारं कोणी नाही, आणि खरं ओळखणारंही नाही.

“मला समजतं ना सर,” मी म्हटलं. “चार दिवस द्या.”

कूलर बंद केला. टब बाहेर काढला. फिनाइलने खोली पुसली. एटीपी चिमूटभर उरलं होतं, म्हणजे ही शेवटची खेप. खिडक्या लावल्यावर खोलीची भट्टी झाली. नळ्या माठाच्या पाण्यात उभ्या केल्या आणि डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आधी एकेकट्या रसाच्या प्लेटा उचलल्या. दोन्ही कोऱ्या. तिसरी उजेडात धरली आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. येणूबाईंना म्हटलं, “तुम्ही मोजा.”

त्यांनी हात पदराला पुसले, प्लेट खिडकीशी नेली. “अकरा.”

“परत मोजा.”

“अकराच जी. येवढेसेच?”

“एवढीच. पण ही खरी आहेत.”

“मंग रडून काहून राहिली वं?”

तीन वर्षांत नागपुरात मला कोणी घरच्या मुलीसारखं ‘वं’ म्हटलं नव्हतं. मग मी नीटच रडले.

सर म्हणाले, “अकराच?” पण रिपोर्ट अकराचाच पाठवला. फेलोशिप वर्षभर वाढली. कूलर सरांच्या खोलीत गेला. तिथे शेवाळ मजेत वाढलं असणार.

पुढे त्याच कॉलेजात नोकरी लागली आणि नोकरीभर मी एक नेम पाळला. जी प्लेट कोरी निघायला हवी ती आधी बघायची. आणि भरलेली प्लेट दुसऱ्या कोणाला तरी मोजायला द्यायची. पहिली दहा वर्षं त्या प्लेटा येणूबाईंनीच मोजल्या.