पाच किलोमीटरच्या आतला पत्ता

ती घटना आजही आठवली की मला समाधानच वाटतं. मी तेव्हा आयर्लंडच्या पोलीस दलात, एनिसला सार्जंट होतो. लॉकडाऊनचा काळ. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे विनाकारण गेलं की दंड.

किलकेनीच्या ठाण्यातून खबर आली. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेला एक इसम घर बंद करून निघून गेला होता. अशा माणसाने पत्ता बदलला की सात दिवसांत पोलिसांना कळवायचं, आठवडाभर देशाबाहेर जायचं असलं तरी कळवायचं, असा कायदा. याने काहीच कळवलं नव्हतं. सोबत फोटो आला.

पुढे एकदा नाकाबंदीत गाड्या तपासताना तोच चेहरा समोर आला. मी ओळख दाखवली नाही. सगळ्यांना विचारतो तेच विचारलं, घर किती लांब? दंड चुकवायच्या घाईत गडी छातीठोकपणे म्हणाला, "हे काय, पुढच्याच वसाहतीत. महिना झाला राहतोय." सात दिवसांची मुदत केव्हाच उलटल्याचं सांगून त्याने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

अटक करून ठाण्यात आणल्यावर त्याला हक्क समजावून रेकॉर्डिंग सुरू केलं, तर भाषा बदलली. म्हणे, बहिणीकडे चार दिवस पाहुणा आलोय. मी आवाज चढवला नाही. चढवला की माणूस तोंड मिटून घेतो. चहा दिला आणि मी वहीत टिपलेलं त्याचंच नाक्यावरचं बोलणं त्याला वाचून दाखवलं. कप खाली ठेवून तो म्हणाला, "इथे लोक मला मान देतात, सार्जंट. शेजारची डॉक्टर सोमवारपासून आपल्या लहान मुलीला माझ्याकडे ठेवणार आहे."

त्या वसाहतीत डॉक्टर एकच होती, पुण्याची, आमच्या घरी येणारी-जाणारी.

कोर्टाने त्याला कोठडीत ठेवलं, पुढे शिक्षाही झाली. धोका टळला होता, त्यामुळे त्याचा इतिहास शेजाऱ्यांना सांगायची मला मुभा नव्हती. अटकेनंतरच्या रविवारीच डॉक्टरचा फोन आला. 'तो माणूस' म्हणायला तीही इथल्या लोकांसारखं 'युवर मॅन' म्हणायची. "काका, शेजारचा युवर मॅन न सांगताच गेला हो. इतका चांगला होता. आता मी ड्यूटीवर जाऊ कशी?"

"आमच्याकडे सोड की," मी म्हणालो.

मोठी गोष्ट वर्षानुवर्षं दडवणारा माणूस किरकोळ दंडाला घाबरून खरं बोलतो, हे मी तेव्हा शिकलो. आणि पत्ता कळवायचा नियम कागदी वाटला, तरी त्याच्या आडोशाला कुणाचं तरी लेकरू असतं.

ती मुलगी आता आमच्या हिला आयरिश इंग्रजीत उलट उत्तरं देते. तिची आई अजूनही कधीतरी त्या भल्या शेजाऱ्याची आठवण काढते. मी मान डोलावतो आणि चहा पितो.