धवल्यातला दुसरा आवाज

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओटीवर माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नातल्या धवल्यांचे चार हजार रुपये ठरले. हजर होतो आम्ही चौघं: धवलारीण मावशी, माझी आई, मी, आणि जॉर्जियात डॉक्टरकी शिकणारी, सुट्टीवर आलेली माझी धाकटी मुलगी.

धवले ही आमच्याकडची लग्नातली गाणी. ती म्हणणाऱ्या दोघी लागतात. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं तीच उचलायची, तेवढ्यात पहिली दम घेते. रक्कम दोघींची होती. ती ठरल्यावर मावशींनी हळूच सांगितलं की जोडीदारीण पावसाळ्यात वारली. एकटीनं हळदीचा धवला त्यांना ओढवणार नव्हता, आणि हळद लागेस्तोवर तो तुटलेला आईला चालणार नव्हता. मी पेनड्राइव्हवरून लावू म्हटलं.

"पेनड्राइव्हनं हळद लावू काय पोराला?" आई म्हणाली.

मंडपवाला, आचारी, पाण्याचा टँकर हे सगळं माझ्याच अंगावर. तरी कंटेनरच्या ट्रेलरांमधून स्कूटर काढत उरणकडची तीन गावं पालथी घातली. धवले येणारी कुणी मोकळी नव्हती. घरी येऊन चपला काढायचंही त्राण उरलं नव्हतं. आईनं तोंडाकडे पाहिलं आणि न जेवता उठली.

तेव्हा धाकटी म्हणाली की शब्द येत नसले तरी सूर धरता येईल. तिकडे तिची घरमालकीण आणि तिच्या दोघी बहिणी जेवणाच्या टेबलावर गातात. तिघींचे आवाज तीन वाटांनी जातात, आणि सगळ्यात खालचा एकच सूर धरून बसतो. त्या सुरात ही बसायला शिकली होती. फोनवर मी ते ऐकलं होतं, आणि फी कशासाठी भरतोय असं मनात आलं होतं. त्या सुरात खंड पडू द्यायचा नसतो, म्हणून शेजारणीच्या आधी किंवा नंतर श्वास घ्यायचा, एकदम नाही, असं ती सांगत होती. मी दमलो होतो. कर काय करायचं ते, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या पडवीत तालीम झाली ती फसली. धाकटीनं तिकडच्या सवयीनं पहिल्या शब्दापासून खाली सूर लावला. ओळ संपवून मावशी ती कुणी उचलेल म्हणून थांबल्या. कुणी उचलली नाही, खाली नुसतं घुमणं चालू.

"गो बाय, ह्या काय गांधीलमाशीचा पोला हाय?" त्या म्हणाल्या.

पोरगी हसली, पण हटली नाही. मग असं ठरलं की ओळ चालू असताना हिनं गप्प बसायचं. ओळीचा शेवटचा सूर मात्र मावशींच्या तोंडून सुटण्याआधी उचलायचा आणि त्यांचा दम परत येईपर्यंत सोडायचा नाही.

हळदीच्या संध्याकाळी मी मंडपाच्या खांबाला टेकून उभा होतो. ऐकायला ते फार गोड नव्हतं. बायका पदराआड हसत होत्या, डॉक्टरीण घुमते म्हणत होत्या. मधेच मावशींना खोकल्याची उबळ आली. त्या वाकल्या, पुन्हा खोकल्या. धाकटीचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या, सूर बारीक होत गेला. आईचा हळदीचा हात थोरल्याच्या खांद्यावरच थांबला. सूर आता गेलाच, असं वाटत असताना मावशींनी घोगऱ्या आवाजात पुढची ओळ काढली. आईचा हात पुन्हा फिरू लागला. मी तिथेच खुर्ची ओढून बसलो. तीन दिवसांत पहिल्यांदा.

लग्न उरकल्यावर मी चार हजार मावशींच्या हातात दिले. त्यांनी दोन हजार कनवटीला लावले आणि उरलेले धाकटीपुढे धरले. ती नको नको म्हणत मागे सरली.

"तू फुकाट म्हनशील, त उद्या माना कोन पैसं देल?" मावशी चिडूनच म्हणाल्या.

दोन हजार मावशींना पोचले, दोन हजार माझ्या मुलीला.