सासूबाईंचा कडू घास

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी यांच्या तोंडून मी साधा होकार ऐकला नव्हता. मी म्हणावं, आमटी आज छान झालीय, हे म्हणणार, "नाही, छान नाही, बरी आहे." मी म्हणावं, ढग आलेत, "नाही, धूर आहे तो." शाळामास्तर माणूस, दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय अन्न पचायचं नाही. मीही काही कमी नव्हते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडायची माझी नोकरी. दिवसभर अनोळखी लोकांशी गोड बोलायचं आणि साठलेला तिखटपणा घरी येऊन यांच्यावर काढायचा. एकंदरीत संसार झकास चालला होता.

ऐंशी साल जवळ आलं असेल, तेव्हा यांचं डोकं दुखायला लागलं. आधी चष्म्याचा नंबर बदलला, मग पित्ताची औषधं झाली. एक दिवस फळ्यावर लिहिता लिहिता हातातून खडू गळला आणि तो उचलायचा कसा, तेच यांना सुचेना. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत गाठ आहे, काढावी लागेल. काढली. गाठ साधी निघाली, जीव वाचला. पण शुद्धीवर आले तेव्हा यांच्यापाशी एकच शब्द उरला होता, "बरं."

"पाणी देऊ?" "बरं." "दुखतंय का?" "बरं." "मी कोण, ओळखलंत?" "बरं," आणि डोळ्यांतून पाणी. समजत सगळं होतं, शब्द तेवढे सापडत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "बोलणं येईलही. किती आणि कधी, ते सांगता येत नाही. घरी बोलत राहा." हेडमास्तरांनी यांची जागा राखून ठेवली होती, पण शाळेची चिंता मला नंतरची होती. मला माझ्याशी भांडणारा माणूस परत हवा होता.

मदतीला नामपूरहून सासूबाई आल्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, गावी त्या एकट्याच असत. डोक्याचं ऑपरेशन म्हटलं की लोक आपल्या लेकाला वेडा ठरवतील, या धास्तीने त्यांनी गावात थाप मारली होती, की आपलीच तब्येत बिघडलीय, म्हणून नाशकात लेकाकडे दाखवायला जातेय.

रोज सकाळी ड्यूटीआधी मी यांची शाळा घ्यायची. चमचा दाखवायचा, "चमचा" म्हणायचं. यांचे ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा आणि शेवटी यायचं ते "बरं". एकदा मी चिडून चमचा आपटला आणि मग मोरीत जाऊन रडले. आयुष्यभर ज्याने माझ्या चुका काढल्या, तो माणूस माझ्या प्रत्येक चुकीला बरं म्हणत होता. ते मला सोसवत नव्हतं.

मे महिन्यात यांचे केस टाक्यांच्या कडेने वेडेवाकडे उगवले, म्हणून सासूबाईंनी न्हाव्याला घरी बोलावलं. त्याची सगळी हयात गोदेकाठी गेलेली, आईबाप वारलेल्यांची डोकी आणि मिशा उतरवण्यात. डोकं झाल्यावर सवयीने त्याने विचारलं, "मिशी पण?" हे म्हणाले, "बरं." संध्याकाळी मी घरी आले तर सासूबाई कपाळाला हात लावून बसलेल्या. "आईबापामागं उतरवायची मिशी," त्या म्हणाल्या, "आणि मी इथं धडधडीत जिवंत बसलेय!"

चार दिवसांनी यांना दवाखान्यात दाखवून परतताना आम्ही द्वारका चौकात रिक्षासाठी थांबलो होतो. उकाड्याने यांनी टोपी काढून हातात घेतली होती. मी केळी घ्यायला वळले. परत येऊन बघते तर हे एका कांद्याच्या रिकाम्या ट्रककडे बघून हात हलवताहेत.

"कोण होतं?"

"बरं."

तो ट्रक नामपूरचा होता, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. दुपारी ड्यूटी संपवून घराच्या वळणावर आले, तर आमच्या दारात पांढऱ्या टोप्यांची गर्दी आणि तोंडाला पदर लावून बसलेल्या बायका. हे गेले, एवढंच मनात आलं. फाटकापर्यंत मी कशी पोचले, आठवत नाही. बघते तर अंगणात मधोमध खुर्चीवर हे बसलेले, जिवंत, आणि सगळ्यांकडे टकमक बघताहेत. चुलत सासरे यांचा हात धरून गावच्या बोलीत विचारत होते, "कसं व्हयनं रे भाऊ?"

"बरं," हे म्हणाले.

दुःखाने लेकाची वाचाच बसली, असं म्हणून बायकांनी गळा काढला. एकीने मला मिठी मारली, "गई वं तुनी सासू!" सासूबाई? दळण कोणी आणायचं, यावरून सकाळीच तर त्या माझ्याशी भांडल्या होत्या.

तेवढ्यात कमरेवर पिठाचा डबा घेऊन त्या फाटकातून आत आल्या. रडणं एकदम थांबलं.

"माय वं!" चुलत सासरे उठून उभे राहिले. "तू ते जित्ती शे!"

सासूबाईंनी डबा खाली ठेवला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कोन मरनं?"

गर्दीतल्या ट्रकवाल्याने यांच्या उतरवलेल्या मिशीकडे हात केला. मग खुर्चीतून आवाज आला.

"तू."

हे बोलले होते. आईकडे बोट दाखवून, स्वच्छ. आणि मग खदाखदा हसत सुटले. मुंबईहून आल्यापासून ते हसू मी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी यांचं बोडकं डोकं पोटाशी धरलं आणि हसत, रडत ओरडल्या, "मी मरनी, तवय मना पोऱ्या बोलना!"

दुःखाच्या घरी कडू घास न्यायची रीत, म्हणून मंडळींनी पिठलं-भाकरी बांधून आणली होती. "ती का परत नेणार आता?" म्हणत सासूबाई पहिल्या पंगतीला बसल्या आणि स्वतःच्या मरणाचं जेवण त्यांनी दोनदा वाढून घेतलं. मी यांच्याशेजारी बसले. पिठलं तोंडात घातलं आणि हळूच म्हटलं, "खारट झालंय."

यांनी घास चावला. थांबले. ओठ हलले, कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता बरं म्हणतील.

"नाही," हे म्हणाले.

मी ताटावरच हुंदके देऊन रडायला लागले. बायका लगबगीने उठल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. ज्या कामाला आल्या होत्या, ते अखेर त्यांना मिळालं. पुढे सगळे शब्द एकेक करून आले, शाळेत रुजू व्हायला मात्र दिवाळी उजाडली.

पिठलं खारटच होतं. पण हे अजून मानत नाहीत.