काकू परत बाजूला बसली

ते तीन दिवस मला आवडायचे, असं म्हटलं तर आजच्या मुली मला झोडपून काढतील. पण खरं तेच. कावळा शिवला की साताऱ्याच्या आमच्या घरात मागच्या खोलीत घोंगडी, तांब्या आणि ताट मिळायचं आणि कामाला कोणी हाक मारायचं नाही. मी पुण्याला डॉक्टरकी शिकत होते. युद्धाचे दिवस, रॉकेल कंट्रोलवर, म्हणजे वाचायचं ते दिवसाउजेडीच. परीक्षा महिन्यावर आली होती आणि मी घोंगडीवर पाय पसरून पुस्तक उघडून बसले होते. पुस्तकाला विटाळ नसतो, हा निकाल काकूनेच दिलेला.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मला डॉक्टर करायचं हा हट्टही तिचाच. वडील कुरकुरले, तेव्हा तिने दोन दिवस चूल पेटवली नव्हती.

त्या दुपारी काकूही आपली घोंगडी घेऊन आली. "सरक गं," म्हणाली. साठीला टेकलेली बाई! केव्हाच बंद झालेलं ते दिवाळीनंतर परत सुरू झालं होतं म्हणे. शेजारणी चिडवायच्या, "काकूंना सोळावं लागलं." तीही हसायची. नियम म्हणजे नियम, दिसलं की बाजूला. मी सुट्टीला आले तेव्हा कुठे मला हे पहिल्यांदा कळलं.

माझी तयारी तपासायची तिची एक रीत होती. "मराठीत सांग. मला कळलं तर तुला आलं."

मी सांगू लागले. बीजकोशातून एक रस थेट रक्तात उतरतो, पुस्तकात त्याला हार्मोन म्हणतात. त्याच्या हुकमाने गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला जाड होतं. रस कमी झाला की ते गळून पडतं. तोच विटाळ.

"एवढंच होय? आणि त्यापायी जन्मभर कोपऱ्यात!"

"पन्नाशीच्या आसपास बीजकोश थकतो. रस आटतो. मग अस्तर वाढत नाही आणि गळतही नाही."

"मग माझं कुठून परत आलं?"

पुढचं मला तोंडपाठ होतं. बंद झाल्यावर रक्त दिसलं, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत कॅन्सर समजावा. परीक्षकापुढे मी घडाघडा बोलले असते. काकूला एवढंच म्हटलं, "मिरजेला जाऊ. दवाखान्यात दाखवू."

"तुझी परीक्षा झाल्यावर."

"आधी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मराठीत सांग की," म्हणाली.

मी सांगितलं. काही पेशी कोणाचाच हुकूम मानत नाहीत, वाढत सुटतात, शेजारच्या भागात घुसतात. ती तांब्यातलं घोटभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "आलं तुला."

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं. गाठ गर्भाशयाबाहेर पसरली होती. कापून उपयोग नव्हता. रेडियमच्या उपचारासाठी मुंबई गाठावी लागेल, आणि आता त्याचाही फारसा भरवसा नाही, असं ते म्हणाले. मला असा संताप आला! महिने न् महिने ती सगळ्यांदेखत घोंगडी उचलून मागे जात होती आणि घराला काळजी काय, तर आज स्वयंपाक कोण करणार.

तिला तिथेच ठेवून घेतलं. वॉर्डातही ती कोणाला शिवू देईना. शेजारच्या खाटेवर तासगावकडची एक म्हातारी होती. ती म्हणाली, "आवं काकी, हितं कुटला आलाय इटाळ? समद्यास्नी शिवूनच तर औषीद द्येत्यात." काकू ऐकेल तर शपथ.

परीक्षेसाठी पुण्याला निघाले, त्या सकाळी तिच्या पाया पडायला गेले. तिने पाय पोटाशी ओढून घेतले. "लांबून कर. चांगल्या कामाला निघालीस, विटाळ नेऊ नकोस." मी पांघरूण सारून दोन्ही पाय धरले. ती ते सोडवून घ्यायला धडपडत होती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. माझ्या हातांना तिचा जोर जाणवलाच नाही.

मग ती रडायला लागली. मिरजेत आल्यापासून पहिल्यांदाच. दुखण्यापायी नाही की मरणाच्या भीतीने नाही.

"आता गं कशी पास होशील तू?" म्हणाली.