ज्ञानूतात्यांचा कंदील

पेवातली हळद वर येते, तेव्हा तिच्याआधी तिचा वास येतो. वाळल्या पाचटाचा, बंद मातीचा, किंचित कडवट आणि उबदार. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकल्यासारखा. सांगलीजवळच्या एका नदीकाठच्या गावात तो वास मी प्रथम घेतला आणि आणखी जवळून घ्यावा म्हणून वाकले, तर माझ्यापुढे एक काठी आडवी आली.

"आवं बाई, मागं सरा! आजून आत कुनी उतरलं न्हाई, अन् तुमी नाक घालताय व्हय?"

काठीच्या दुसऱ्या टोकाला ज्ञानूतात्या होते. सत्तरीच्या उंबरठ्यावरचे, वेताच्या छडीसारखे सडसडीत. त्यांच्या तळहातांवरच्या रेषा पिवळ्या होत्या. धुऊन न जाणाऱ्या, कातडीतच मुरलेल्या. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं, रांजणाच्या आकाराचं खोल कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढंच. आत हळद वर्षानुवर्षं कोरडी राहते. पण तिच्यासोबत कोंडलेली हवा मात्र माणसाला सोसत नाही. म्हणून पेवाच्या तोंडावरचा दगड काढला की तात्या सगळ्यांना बाजूला बसवत. लिंबाची सावली त्या दगडावरून पुरती सरकून जाईपर्यंत थांबत. मग दोराला कंदील बांधून हळूहळू आत सोडत आणि त्याला सांगत, "जा बाबा, बगून ये."

कंदील तळाशी टेकला आणि ज्योत तशीच राहिली, तरच तात्या पाय खाली सोडत. ती मंदावली, तर त्या दिवशी काम बंद. व्यापाऱ्याचा ट्रक उभा असो, हमाल खोळंबून असोत. "आदी त्यो, मग मी," एवढंच म्हणत आणि तंबाखू मळायला बसत. रेशनचं रॉकेल मिळेनासं झाल्यावर ते कंदिलात डिझेल घालू लागले. त्यामुळे त्याची काच सदा काळवंडलेली असे. कामाहून परतताना तात्या ती धोतराच्या सोग्याने पुशीत, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी.

मी त्या गावात प्रशिक्षण द्यायला गेले होते. साताऱ्याच्या एका महाविद्यालयात काही वर्षं कविता शिकवल्यानंतर मी एका छोट्या संस्थेत रुजू झाले. बदलत्या हवामानाशी जुळवून कसं घ्यावं, संकटात गावाने एकमेकांना कसं धरून ठेवावं, याची तीन दिवसांची तोंडओळख आम्ही गावोगाव करून देत असू. माझ्यापाशी तेव्हा दोन वह्या असत. एक जाड, कचेरीची. दुसरी निळी, पातळ. मनाला भिडलेली एखादी ओळ टिपून ठेवण्यासाठी.

पहिल्या दिवशी समाजमंदिरात मी विचारलं, "तुमच्या लहानपणापासून आजवर काय काय बदललं?" माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पंखा तेवढा कुरकुरत होता. मग मागच्या भिंतीकडून आवाज आला.

"पयला पूर म्होरल्या दारानं याचा. दिसायचा, आयकू याचा. आता न्हानीतनं वर येतोय, गटारातनं. पावन्यावानी न्हाई, चोरावानी. लिवलं?"

हे "लिवलं?" म्हणजे तात्यांची खूणच होती. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण बोलून झालं की ते माझ्या पेनाकडे पाहत आणि ते थांबेपर्यंत पुढचं बोलत नसत. एकदा घाईत मी नुसतीच मान हलवली.

"बाई, पेन हल्ला न्हाई तुमचा."

सगळी सभा हसली. त्यांच्या पत्नी, हौसाकाकू, पदराआडून म्हणाल्या, "घरात दिसभर एक शबूद बोलत न्हाईत, अन् हितं बाईला पोथी सांगाया लागल्यात!"

"घरात कोन लिवून घेतंय?" तात्या म्हणाले.

त्या तीन दिवसांत गावाचा नकाशा त्यांनीच जमिनीवर राखेने काढला. कुणाची पायरी आधी भिजते, कुठली जनावरं आधी हलवायची, अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना कुणाच्या खांद्यावरून न्यायचं, सगळं. मी ते भिंतीवरच्या कागदी तक्त्यावर उतरवत गेले.

शेवटच्या दुपारी साहित्य वाटायचं होतं. प्रत्येक घराला एक शिटी, एक दोर, कागदपत्रांसाठी एक पिशवी आणि एक पिवळी बॅटरी. पुरात गॅसच्या टाक्या तरंगतात, गळतात. म्हणून उघडी ज्योत घरात नको, असा नियम होता. मी तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वाचून दाखवलं : कंदील नको. बॅटरी वापरा.

तात्या उभे राहिले. "बाई, पुरासाटी ऱ्हाऊ द्या तुमची बॅटरी. पन पेवासाटी कंदीलच पायजे. त्ये बी लिवा."

त्यांचा धाकटा भाऊ सदा पुढच्या रांगेत बॅटरी चालू-बंद करून पाहत होता. पन्नाशीचा, हसरा, पेवाच्या कामात तात्यांचा उजवा हात. "तात्या, मानूस चंद्रावर जाऊन आला, अन् तू आजून कंदिलातच!"

"चंद्रावर ग्येला त्यो बी हवा पाटीवर बांदून ग्येला न्हवं? त्यो येडा हुता व्हय रं?"

पुन्हा हशा. तो ओसरल्यावर तात्या माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बाई, बॅटरी मेल्याली वस्तू हाय. कंदील आपल्यावानी श्वास घेतो. म्हून त्याला आदी धाडायचा."

त्या वाक्याने माझ्या अंगावर काटा आला. खिडकीतून ऊन येत होतं, हळदीचा वास होता, आणि एक निरक्षर माणूस दिव्याला श्वास देत होता. मी पिशवीतून निळी वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. माझं पेन थांबेपर्यंत ते उभे होते.

"लिवलं?"

"लिहिलं, तात्या."

ते समाधानाने खाली बसले. साताऱ्याची एसटी पाचला होती. तक्ता तसाच भिंतीवर राहिला.

पुढच्याच पावसाळ्यात पूर आला. गाव वेळेत रिकामं झालं. तात्या गळ्यात शिटी अडकवून गल्लीगल्लीतून फिरले, असं कळलं. एकही माणूस बुडालं नाही. कचेरीत माझं कौतुक झालं. पाणी ओसरल्यानंतर महिनाभराने सांगलीहून फोन आला आणि मी पोचले तोवर दिवसकार्य उरकलेलं होतं.

तात्यांच्या ओसरीवर सदा भिंतीला टेकून बसला होता. त्याचा आवाज अजून घोगरा होता. उंचावरच्या एका पेवाच्या तोंडापर्यंत पाणी पोचलं नव्हतं, म्हणून हळद वाचली असेल या आशेने त्याने ते एकट्यानेच उघडलं. पण ओल आत झिरपली होती. खाली हळद सडत होती.

"बॅटरी सोडली म्यां दोरानं," तो म्हणाला. "तळापातूर लख्ख दिसत हुतं, बाई. लागल्याली हुती की! म्हटलं, दिवा हाय, आता उतराया काय हरकत." मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "कागदावर बी तसंच हुतं न्हवं, कंदील नको म्हून?"

त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. तो खरोखरच विचारत होता.

उतरताच त्याची शुद्ध हरपली होती; पुढचं त्याला इतरांनी सांगितलं होतं. तात्या दुसऱ्या पेवावरून माणसांसह, हातात कंदील घेऊन आले. हाक मारली, ओ आली नाही. त्यांनी कंदील सोडला. तो निम्म्यातच विझला. वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा अंधार. त्यांना सगळं कळलं होतं. उभ्या आयुष्यात विझलेल्या दिव्यामागून ते कधी उतरले नव्हते. कुणी धरायच्या आत त्यांनी कमरेला दोर बांधला, छाती भरून श्वास घेतला आणि ते उतरले. खाली तो दोर स्वतःच्या कमरेचा सोडून त्यांनी भावाच्या काखेत बांधला. माणसांनी सदाला वर ओढलं. दोर दुसऱ्यांदा आत गेला आणि हलकाच वर आला.

हौसाकाकू उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या. मी निळी वही काढली आणि ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं. ते मी कुठे लिहिलं, कुठे लिहायला हवं होतं, तेही सांगितलं. मला ते सुंदर वाटलं होतं, काकू, म्हणून मी ते माझ्यापाशी ठेवलं, असं म्हणताना माझीच जीभ मला परकी वाटली. कोनाड्यातला कंदील खाली घेऊन त्या पदराने त्याची काच पुशीत राहिल्या. काजळी निघत नव्हती.

मग उठून त्या चालू लागल्या. मी मागोमाग गेले. समाजमंदिरात अजून गाळाचा वास होता. भिंतीवर माझा तक्ता होता. खालची कड पाण्याने फुगलेली, पण वरची अक्षरं शाबूत, ठळक. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कंदील तक्त्याखाली ठेवला, कागदावरच्या मोकळ्या जागेवर तळहात टेकवला आणि माझ्या पेनाकडे पाहिलं. अगदी तात्या पाहत तसं.

"लिवा."