कोरड्या दलदलीची मोजणी

संग्रहालयात तिला सगळे चिखलताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला राग आला होता, पण नाकारायला तरी कुठे जागा होती? आठवड्यातून दोन दिवस ती गमबुटांचे ठसे उमटवत जिना चढायची आणि झाडूवाली कपाळाला हात लावायची, "ताई, अख्खी दलदल इथेच आणून टाका एकदाची!"

नोकरीला लागली ती जीवांचे नमुने ठेवलेल्या बरण्या पुसायला. पुसता पुसता त्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत बसते हे तेव्हाच्या म्हाताऱ्या साहेबांनी हेरलं. एक दिवस ते तिला शेवटच्या बस थांब्यापलीकडच्या दलदलीवर घेऊन गेले, चार खुंट्या ठोकून एक चौकोन आखला आणि म्हणाले, "यात जे जे जगतं ते मोजायचं. झाड, किडा, गोगलगाय, काहीही."

"किती दिवस?"

"कंटाळा येईपर्यंत."

साहेब निवृत्त झाले, वारले. त्यांच्या खुर्चीत एकामागून एक तिघे येऊन बसले. सव्वीस वर्षं झाली तरी तिला काही कंटाळा आला नाही.

घरी थोरला भाऊ होता. दादा घड्याळजी. दोघांचीही लग्नं राहून गेली ती राहूनच गेली. खिडकीशी दादाचं टेबल होतं, त्यावर इवलेसे स्क्रू, चिमटे आणि डोळ्याला लावायचं भिंग. संध्याकाळी ती चहा ठेवायची आणि दादा मान वर न करता विचारायचा, "हं, आज कोण कोण भेटलं?"

मग ती सांगत बसायची. एकदा कमळाचा देठ कापून आणला होता. दादाने तो भिंगाखाली धरला. "अगं, हा तर पोकळ आहे! नळ्याच नळ्या."

"वरच्या पानातून हवा जाते खाली. त्या चिखलात हवेचा थेंब नसतो. या नळ्या नसत्या तर मुळं कुजून गेली असती."

"म्हणजे पान श्वास घेतं आणि पोट भरतं मुळांचं," दादा म्हणाला. "आपल्या घरात कोण पान आणि कोण मूळ गं?"

"तू मूळ. दिवसभर बसून असतोस."

दोन वर्षांपूर्वी दादा गेला. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. चार लोक आले, बसले, उठून गेले. त्यानंतर तिच्या लक्षात आलं की दिवसभराचं बोलणं तोंडातच राहतंय. समोरची शेजारीण मनाने चांगली होती. पण "आज पाणविंचू दिसला, शेपटीची नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेत होता," असं सांगितलं की ती "हो का" म्हणायची आणि गॅसवर काय ठेवलंय ते बघायला आत जायची. हळूहळू तिने सांगणं सोडून दिलं.

त्याच वर्षी दलदलीच्या कडेला गोदामं उभी राहिली आणि त्यांच्यासाठी एक खोल चर खणला गेला. पाणी ओसरू लागलं. आधी बगळ्यांची चंगळ झाली, कारण उथळ पाण्यात मासे आयतेच सापडत होते. मग पाणी घोट्याएवढं उरलं. मांगूर मासे वर येऊन हवा गिळायचे आणि ओल्या चिखलावरून अंग ओढत दुसरं डबकं शोधायला निघायचे. काहींना ते सापडलं, काही वाटेतच वाळले. बेडूक मागच्या पायांनी माती उकरत उलटे आत शिरले आणि दिसेनासे झाले. पक्षी उडून गेले. त्यांना निदान पंख होते. लव्हाळे पिवळे पडले, मग करडे. शेवटी जमिनीला अशा भेगा पडल्या की तिचा हात मनगटापर्यंत आत जाई.

ती तरी जातच राहिली. खुंट्यांपाशी उकिडवी बसायची आणि वहीत लिहायची, शून्य. पुन्हा शून्य. पाऊस पडला तरी पाणी चरातून सरळ निघून जायचं.

नवे साहेब तरुण होते आणि वाईटही नव्हते. त्यांनी तिला बोलावून घेतलं. "ताई, राग मानू नका. दीड वर्ष शून्यच लिहिताय. तिथे आता जिवंत काही नाही. फाइल बंद करू या."

"बघते," ती म्हणाली. काय बघणार, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

गुरुवारी तिने चौकोनातली माती खुरप्याने खरवडून पिशवीत भरली. घरी येऊन कपडे धुवायचा टब दादाच्या टेबलावर ठेवला, माती ओतली आणि वर चार बोटं पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी असा वास सुटला की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

"अहो, तुमच्याकडे उंदीर मेलाय का?"

"नाही, चिखल भिजत घातलाय."

शेजारणीने तिच्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि ती गेली.

सहाव्या सकाळी पाण्यात धुळीचे कण हलताना दिसले. धूळ अशी उड्या मारत नाही. तिने दादाचं भिंग डोळ्याला लावलं. पारदर्शक, टाचणीच्या टोकाएवढे जीव झटके देत पोहत होते. पाणी आटताना त्यांच्या आयांनी जाड कवचाची अंडी चिखलात टाकली होती आणि ती अंडी दीड वर्ष उन्हात तशीच पडून होती. नवव्या दिवशी हिरव्या सुया वर आल्या. मातीबरोबर आलेला एक शंख तिला रिकामा वाटला होता. त्याचं झाकण आतून सरकलं आणि गोगलगायीने मऊ पाय बाहेर काढला.

"दादा, बघ ना—" असं म्हणत ती वळली.

खुर्ची रिकामी होती. ती रिकामी असणार हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण ती तिथेच खाली बसली आणि दादा गेला त्या दिवशीही रडली नव्हती तेवढी रडली. बराच वेळ गेला. मग तोंड धुऊन तिने शेजारणीचं दार वाजवलं. "जरा येता का? काहीतरी दाखवायचंय."

शेजारीण ओल्या हातांनीच आली. भिंग कसं धरायचं ते कळायला तिला दोन मिनिटं लागली. "अगंबाई! एवढुसे? आणि हे खातात काय हो?"

दोन वर्षांत तिला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. ती सांगत राहिली आणि शेजारणीकडे काहीतरी करपलं.

दुसऱ्या दिवशी टब मांडीवर घेऊन ती बसमध्ये बसली. कंडक्टरने डोकावून पाहिलं. "यात काय आहे?"

"चिखल."

"बरं झालं. चिखलाला तिकीट नाही."

साहेबांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "हे कुठून आणलंत?"

"चौकोनातूनच. मेलं नाहीये साहेब, पाण्याची वाट बघत थांबलंय."

साहेब खरंच धावपळीला लागले. पत्रं गेली, बैठका झाल्या, गोदामवाल्यांचा इंजिनिअर टब बघून हसला आणि नंतर हसायचा थांबला. सात महिन्यांनी चराच्या एका तोंडाला पाणी अडवायला फळ्या बसल्या. दलदल अर्धीच परत आली. उरलेल्या अर्ध्या भागावर भराव पडला आणि तिथे ट्रक उभे राहू लागले. पूर्वी अडुसष्ट प्रकारचे जीव असत, पहिल्या वर्षी तिने तेवीस मोजले, वहीत तेवीस ओळी. मासे आलेच नाहीत. फळ्या ओलांडून येणार तरी कसे?

त्यानंतर ती निवृत्त झाली. साहेबांनी विचारलं, "आता मोजणी कोण करणार?" ती म्हणाली, "मी कुठे जातेय?"

एका दुपारी ती गुडघाभर पाण्यात उभी होती. समोर कमळाच्या पानांवरून एक कमळपक्षी चालत आला. त्याची लांबलचक बोटं पानभर पसरत, म्हणून पान बुडत नव्हतं. नर होता. या पक्ष्यांत मादी अंडी घालून निघून जाते, पिल्लं बापच वाढवतो. वर घार फिरली तसा तो खाली बसला, पिल्लं धावत त्याच्या पंखांखाली शिरली आणि तो त्यांना काखेत धरून उठला. पंखांखालून पिल्लांचे काडीसारखे पाय लोंबत होते. तसाच तो चालत लव्हाळ्यांत शिरला.

तिने इकडे तिकडे पाहिलं. लांबवर एक ट्रक मागे घेत होते, बाकी कोणी नव्हतं. थांब्यावर बस आली, क्षणभर थांबली आणि निघून गेली. तिने वही उघडली, तारीख टाकली आणि चोविसावी ओळ लिहिली.