मासोळीले कायचं टेन्शन?

आमच्या तळ्यावर किस्से शेवाळासारखे वाढतात. एक बाजूला सारावा, तर खाली दुसरा तयारच! समुद्रपूरजवळ देवरावभाऊंचं मत्स्यपालन आहे आणि मत्स्यशास्त्र शिकून तिथे लागलेली मी 'मॅडम'. पाण्यात बुडबुडा फुटला तरी दचकणारी!

भाऊंची एक रीत होती. पाहुणा आला की जाळं टाकायचं, सगळ्यात मोठा कटला त्याच्या हातात द्यायचा, फोटो काढायचा आणि मासा परत पाण्यात. पाहुणा खूश! चौथ्या दिवशी माशांच्या अंगावर लाल चट्टे.

मी घाबरत घाबरत सांगितलं, "भाऊ, या धरपकडीनं माशांना स्ट्रेस येतो. मग रोगाशी लढायची त्यांची ताकदच कमी होते."

भाऊ हसले. "मासोळीले कायचं टेन्शन? तिले काय बारावीचा पेपर द्या लागते?"

*

रोज दोन-तीन मासे उलटे तरंगायला लागले. अख्खं तळं हातचं जाणार, या विचारानं माझी झोप उडाली. भाऊंनी तळ्यात टाकायला लाल दवा आणली.

मी म्हटलं, "दवा नंतर. आधी पंधरा दिवस जाळं बंद. काहीच करायचं नाही!"

"काहीच नाई करासाठी तुले पगार देऊ काय वो?"

*

त्याच आठवड्यात रस्त्यावरून वरात गेली. डीजे असा दणाणला, की माझ्या हातातली खाद्याची बादली थेट तळ्यात! आणि मासे? सगळे तळाशी. एकही खायला वर येईना.

"मासोळीले कान कुठं असते?" भाऊ म्हणाले.

जाळं शिवत बसलेले म्हातारे शंकरकाका मान वर न करता म्हणाले, "तुले तरी कुठं आहेत? पोरगी महिनाभरापासून सांगून राह्यली!"

त्या दिवशी जाळं गुंडाळलं गेलं.

*

मासे खायला वर आले ते थेट आठ दिवसांनी. हळूहळू चट्टेही सुकायला लागले. भाऊ तर काठावरून चपला हातात घेऊन चालायला लागले. फोनवर बोलायचं तर पार रस्त्यावर जाऊन!

*

आणि मग जावईबापू आले. लग्नानंतर पहिल्यांदाच!

"मामाजी, कटला धरून फोटो पाहिजे."

जावयाला नाही कसं म्हणायचं? भाऊंचा हात जाळ्याकडे गेला. मी पुढे झाले आणि सरळ जाळ्यावरच बसले.

"मी उठणार नाही!"

जावईबापूंचं तोंड उतरलं. ते तडक गाडीकडे निघाले. भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तळ्याकडे.

"जावईबापू, तुमी रुसले तं एक टाइम जेवान नाई. मासोळ्या रुसल्या तं आठ दिवस खात नाईत!"